पुंडलिकच्या डोळ्यांवर घेतलेला आळ

मंडळी, एवढ्या उन्हातान्हात तुम्ही आलात. उमरेडहून त्याचे भाऊबंद आलेत. त्याच्या हाताखाली चित्रकला शिकलेली पोरं आता बाप्ये होऊन आलीत. मी फोटोग्राफर माणूस, कॅमेऱ्याच्या मागे राहायची सवय. चार लोकांसमोर मला बोलता येत नाही. आणि आज तर पुंडलिकबद्दल ‘होता’ म्हणायचं आहे. जीभ वळत नाही.

चार गोड वाक्यं ठरवून आलो होतो. पण माझ्याआधी आपले अध्यक्ष बापूसाहेब बोलले. म्हणाले, पुंडलिक रंगांचा बादशहा होता. बापूसाहेब, तुम्ही हे वाक्य बोलायला नको होतं. आता मला दुसरंच बोलावं लागेल.

मंडळी, माझ्यामागची ही पांढरी भिंत बघा. ही पांढरी नव्हती. या भिंतीवर पुंडलिकनं चित्र काढलं होतं. उमरेडच्या कोष्ट्यांचं अंगण, दुपारचं ऊन, रंगवून वाळत घातलेलं ओलं सूत. आणि सुताच्या लडीजवळ उभे असलेले बापूसाहेबांचे वडील. हे सभागृह त्यांनी बांधलं, म्हणून पुंडलिकनं त्यांना मानानं मधोमध उभं केलं.

लड हिरवी होती. उन्हाचा उजेड तिच्यावरून उसळून चेहऱ्यावर पडत होता. म्हणून पुंडलिकनं त्यांचा एक गाल हिरवट केला, मानेखालची सावली जांभळी केली. बापूसाहेब चित्र बघायला आले. मी इथंच होतो.

“मास्तर, माणसं हिरवी असतात का? माझे वडील गोरे होते.”

पुंडलिक शांतपणे म्हणाला, “गोरे होते म्हणूनच हिरवा जास्त चढला, साहेब.”

ते हसले नाहीत.

शाळेत तो मुलांना हेच शिकवायचा. आठवतं ना तुम्हाला? पांढरा सदरा घातलेल्या मुलाला झाडाखाली उभं करायचा आणि विचारायचा, “काय रंग आहे गा?” सगळे म्हणायचे पांढरा. “पांढरा आहे हे तुले माहीत आहे. दिसून काय राहिलं ते सांग.” मग कोणीतरी भीतभीत म्हणायचं, निळसर. तेव्हा खूश व्हायचा.

माझ्याशी तो यावरूनच भांडायचा. “तुझ्या फिल्मले माणूस ओळखता येत नाही, म्हणून ते खरं बोलते,” म्हणायचा. “पण तुले रंग आयता सापडते. मले तो ठरवावा लागते.” मी म्हणायचो, मलाही उजेडाची वाट बघावी लागते. आम्ही तासन्‌तास भांडायचो. त्या भांडणासारखं सुख मला दुसरं मिळालं नाही.

बापूसाहेब ऐकेनात, तेव्हा आम्ही दोघं उमरेडला गेलो. त्याच्या गोऱ्यापान मावसभावाला ओल्या हिरव्या सुताजवळ उन्हात उभं केलं. मी रंगीत फिल्मवर फोटो काढला. फिल्म मुंबईला धुवायला पाठवली. फोटो आला. गाल हिरवा. मी तो स्वतः बापूसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी बघितला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “फिल्म खराब आहे.”

पुढच्या आठवड्यात पुंडलिक पुतणीच्या लग्नाला गेला. परत आला तेव्हा भिंत चुन्यानं पांढरी झाली होती.

एवढ्यावर थांबले असते, तर मी आज गप्प बसलो असतो. भिंत त्यांची होती, म्हटलं असतं. पण केलेल्या कामाची लाज झाकायला त्यांनी गावभर सांगितलं की मास्तरला रंगच दिसत नाहीत. मास्तर रंगांधळा आहे. लग्नकार्यांत सांगितलं, क्लबात सांगितलं, शाळेच्या मंडळींना सांगितलं. शाळेनं त्याच्याकडून रंगकाम काढून घेतलं. त्यानंतर तो निवृत्त होईपर्यंत मुलांना पेन्सिलनं घडे आणि ठोकळे काढायला शिकवत राहिला.

मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता तर झालं? तो म्हणाला, “डॉक्टरले दिसते ते मले दिसत नसलं तर, गा?”

आळ असा आत जातो, मंडळी. त्यानं रंगांची पेटी माळ्यावर टाकली. कोळशानं काढायचा तेवढंच. सुमनवहिनी भाजी चिरायला बसल्या की जवळ जाऊन विचारायचा, “हे वांगं जांभळंच आहे ना वं?” वहिनी म्हणायच्या, “हो जी, जांभळंच आहे.” आणि मान खाली घालून चिरत राहायच्या. काय वाटत असेल त्या बाईला?

मी कित्येकदा म्हटलं, मी बोलतो. चारचौघांत बोलतो. तो म्हणायचा, “राहू दे. मले शाळेत जावं लागते. काहून वैर घेतं?” त्याच्यासाठी मी थांबलो. आता थांबवणारा गेला.

बापूसाहेब, तुम्ही वयानं मोठे आहात. माझ्याकडून क्षमेची वाट बघू नका. ती मी देणार नाही. भिंत पुसायच्या आधी मी तिचे फोटो काढले होते, तेही रंगीत. त्यातला सगळ्यात चांगला मी माणूसभर उंच करून आणला आहे. उद्यापासून तो धरमपेठेतल्या माझ्या दुकानाच्या काचेत लागेल. वर चित्रकार म्हणून पुंडलिकचं नाव असेल. खाली, चित्र पुसणारे म्हणून तुमचं. तुमच्या घरून बाजारात जायचा रस्ता माझ्या दुकानावरूनच जातो. मी जिवंत आहे तोवर तो फोटो उतरणार नाही. माझ्यानंतर माझी मुलगी दुकान चालवणार आहे. तिलाही सांगून ठेवलं आहे.

पुंडलिक, तुला हे आवडलं नसतं. मला माहीत आहे. तरी मी करणार आहे.

मंडळी, आता आपण सगळे उठू या आणि त्याच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या.

बापूसाहेब, तुम्ही बसून राहा.