मातीच्या बाईचं लुगडं

अहो, तंजावूरच्या आम्हा मराठी घरांतल्या जुन्या लुगड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हाची गंमत. सेल्वम या तमिळ शिल्पकारानं भाजल्या मातीची बाई घडवली आणि तिला नऊवारी लुगडं स्वतःच गुंडाळलं. आमची सरोजाआत्या बघताक्षणी कडाडली, "कासोटा कुठंय हिचा?" लगेच चार बायकांनी चादरींचा आडोसा धरला आणि सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं.

सेल्वम हबकला. "अम्मा, मातीची आहे ती! मीच घडवलीय."

"म्हणजे तू बाप. बापानं बाहेरच थांबायचं."

चादरी बाजूला सरल्या तेव्हा बाई कासोट्यात, कपाळावर कुंकू, अंबाड्यात मोगरा. सेल्वम बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "प्रदर्शन संपलं की घरी नेतो हिला."

आत्या म्हणाली, "ने की पोंगलला, माहेरपणाला. एरवी ती आमच्या घरची."