नायकणीच्या घरचा समुद्र

नाई नाई, डबे आत आनू नका अजून – राहू द्या थे गाडीतच, साकेतभाऊ. यवतमाळहून इतक्या दूर आले, टेका जरा खुर्चीवर, चहा उकळूनच राह्यला. जया म्हणे तुमचं माशांचं दुकान हाय, माणूस जाणकार हाय, समदं नीट काढून नेतीन, याडी – आमच्यात मायले याडी म्हणते – तू फक्त बाजूले उभी राह्य. बाजूले उभी राह्य म्हणते मले – दीड वर्ष झालं ही टाकी मी सांभाळून राह्यली, अन मीच बाजूले. बरं, फुलसावंगीत रस्ता इचारला तं लोकायनं नायकाचं घर नसंन सांगतलं, समुद्रवाल्याचं घर सांगतलं असंन – हाय का नाई? हासले तुमी, म्हणजे तेच सांगतलं. माहे मालक प्रेमसिंग, तांड्याचे नायक, आज्यापासून नायकी हाय या घरात – अन आता थे समुद्रवाले झाले. मी नायकण, मले वाईट वाटाले पाह्यजे. पण नाई वाटत, खरं सांगतो.

ही इकत नाई आनली हो, पोरीनं घरीच बांधली. जया माशाचं शिकली ना नागपूरले, सुट्टीत आली अन म्हणे याडी, मी घरी पोवळं वाढवतो. मी म्हणलं बाई, पोवळं तं अंगठीत बसते, थे वाढते कसं? तं म्हणे जीव असते त्याले, खाते, फुगते, रात्री मिटते. दगडासारखं कडक थे समुद्रातून आनाले बंदी हाय म्हणे, आपुन मऊ जातीचंच ठेवू, तेबी नागपुरात एकाच्या टाकीत वाढलेलं. मंग ढाणकीहून काच कापून आनली. काचवाला इचारे, नायक, कोणाच्या फोटोची फ्रेम हो येवढी? नायक म्हणे समुद्राची. खालचा सांगाडा जुन्या बैलबंडीच्या लोखंडाचा. काच चिकटवली अन जया सांगून गेली, आठ दिवस हात लावू नका, बा. पण नायकाले दम कुठं? तांड्यातल्या हरिसिंगले दाखवाची होती ना. तिसऱ्याच दिवशी पाण्यानं भरली – अन हरिसिंग वाकून पाहते न पाहते तं एक बाजू सुटली. त्याच्या चपला वाहत थेट कडुनिंबापर्यंत गेल्या. हरिसिंग अजून बी या घरात चपला दारात नाई काढत, हातात धरून बसते.

मंग दुसऱ्या डावानं नीट केली. तो निळा ड्रम दिसते का खाली – वरचं पाणी त्याच्यात येते, गाळून पंप वर फेकते. पाणी आरोचं, मीठ पार्सलनं येते, समुद्राच्या हिशोबाचं. आपलं सैपाकाचं चालत नाई, मी इचारलंतं. अन हे खाली गोल गोल चकत्या दिसून राह्यल्या, ज्याच्यावर एकेक तुकडा चिकटवला – हे कायच्यात पाडल्या सांगा? माह्या आप्पेपात्रात. शिमिट कालवून. महिनाभर पाण्यात मुरत ठेवल्या, शिमिटाचा तिखटपणा निंघाले पाह्यजे म्हणून. तवापासून या घरात आप्पे नाई झाले. पण त्या चकत्यायवर तीन तुकड्यायचे पाह्यता पाह्यता साठ झाले, भाऊ. मी बी कापतो आता. पह्यले दोन डाव पट्टी खाली ठेवली मी – जिवंत गोष्टीवर ब्लेड चालवाचं म्हणजे – पण थे घाबरत नाई, दोन दिवस रुसून बसते अन मंग दोन्हीकडून फुलते. हे पाहा, हे मुठीसारखं उघडते-मिटते. अन हे बटनावालं, निळ्या लाइटात माह्या काचळीच्या, चोळीच्या, आरशावानी चमकते. हे पह्यलं. जयानं आनलेलं पह्यलं.

उन्हाळ्याचं इचारता? काय सांगू तुमाले. बाहेर पंचेचाळीस, अन यायले सव्वीस पाह्यजे. समोर पंखा, मागं ओला बारदाना, अन बर्फाच्या बाटल्या सोडाच्या पाण्यात. लाइन गेली अन बॅटरी बी उतरली, तं लोटा घ्याचा – वर उचलाचं, वरतून सोडाचं, उचलाचं, सोडाचं, हवा मिळाले पाह्यजे पाण्याले. दोन दोन घंटे. मी थकली तं शेजारची रुखमाबाई येते, थे थकली तं बेबीताई. गाणे म्हणत म्हणत. सांगा, मुंबईत तरी कोणी समुद्राले असं गाणे म्हणत पाणी पाजत असंन का?

तं असं हाय. अन आता जया म्हणते देऊन टाक. तुह्या गुडघ्याले बादल्या झेपत नाई, तू माह्याकडं रत्नागिरीले ये, खरा समुद्र पाह्य. नोकरी लागली ना तिथी, झिंग्याच्या पिल्लायच्या कारखान्यात. जातच नव्हती थे. टाकीचं कसं होईन म्हणे. मी म्हणलं जा तू, मी पाहतो टाकी. म्हणून गेली. तवापासून रोज सहा वाजता फोन – तोंड दिसते तसा – अन पह्यलं वाक्य ठरलेलं, याडी, टाकी दाखव. मी फोन काचेले लावतो, थे एकेक पाहते, हे मिटलं काहून, तेले जरा सावलीत सरकव. अर्धा अर्धा घंटा. आता तुमीच सांगा भाऊ, टाकी गेली तं सहा वाजता दाखवू काय मी तिले? भिंत? तांड्यातल्या बबिताची पोरगी पुण्याले गेली, पह्यले रोज फोन, मंग आठवड्यानं, आता दिवाळीले. बबिता फोन उशाशी घेऊन झोपते. पोरगी वाईट नाई हो, बोलाले काही उरलंच नाई दोघींत. – हे काहून सांगून राह्यली मी तुमाले? बिस्किट घ्या.

अन सांभाळाचं म्हणाल तं चूक बी झाली एक, जयाले माहीत नाई, तुमी बोलू नका. औंदाच्या तिजेत. तुमाले तीज माहीत नसंन – राखीपासून गोकुळाष्टमीपर्यंत तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यायत गहू पेरते, अन साऱ्या टोपल्या नायकाच्या घरी. रोज तीन डाव गाणे म्हणत लोट्यानं पाणी घालते. दरसाल जयाची टोपली असे. औंदा नव्हती. तं पोरी काय म्हणाव्या – जयाची टोपली नाई तं काय झालं, जयाची टाकी तं हाय, तिच्या वाट्याचं पाणी तिथी घालू. बावीस पोरी. एकेक लोटा. हिरीचं गोडं पाणी, तीन डाव. मी टोपल्यायच्या गडबडीत. जमीन ओली दिसे, मले वाटे टोपल्याच गळून राह्यल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तं ड्रम उतू चाललेला अन समदे मिटलेले – समदे. हे पह्यलं बटनावालं तं पांढरं पडलं, एक बटन उरलं फक्त. पोरी रडाले लागल्या, मी त्यायच्यावर ओरडू तरी कशी, मायेनं घातलेलं पाणी थे. आठ दिवस पाण्यातलं मीठ मोजाचा काटा पाहून चिमूट चिमूट मीठ चढवलं. त्या एका बटनाचे आता हे अकरा झाले, मोजा पाह्यजे तं.

जयाले काय सांगू? सांगतलं लाइट जळला, अंधार हाय, दिसत नाई. आठ दिवस दाखवलीच नाई टाकी. मंग थे गुडघा इचारे. कोणाची टोपली उंच झाली इचारे. एक डाव म्हणे गाणे ऐकव, तं मी फोन खिडकीत धरला पोरींकडं, थे तिकडून संगं म्हणे. एक दिवस तं मी भाकरी थापून राह्यली अन थे निस्ती पाहून राह्यली, म्हणे दुसरी जराशी जळली, याडी. टाकीचं नाव नाई आठ दिवस. अन फोन तं –

फोन तं रोज आला, भाऊ. सहालेच.

कोणाले सांगतलंच नव्हतं ना हे, म्हणून ध्यानातच आलं नाई माह्या. मी येडी उगाच...

चहा थंडा झाला तुमचा. राहू द्या. जा, आना डबे. टाकीचंच पाणी भरा त्यायच्यात, डबे अर्धे रिकामे ठेवा हवेले. हळू – चकतीले धरा, वरतून नाई. मुठीवालं लवकर रुसते, त्याले मधात ठेवा. अन हे बटनावालं इकू नका भाऊ, याच्यात बावीस पोरींचं पाणी हाय, दुकानात समोर ठेवा, याचे तुकडे पाह्यजे तितके इका. काच इथंच राहीन, नायक त्याच्यात काय ठेवाचं थे ठेवतीन, हरिसिंगच्या चपला ठेवतीन. काय म्हणता? नाई नाई, डोळ्यात काही नाई, चुलीचा धूर हाय. गॅस हाय तं काय झालं, धूर हाय म्हणलं ना.

थांबा. वाजला. सहा वाजले का?

भरले ना समदे डबे? जा तुमी आता, सावकाश चालवा गाडी, जातानी दार लोटून घ्या. – हाव बेटा. हाव, ऐकू येते. नाई, काचेले नाई लावला आज, माह्याकडंच धरला. दिसून राह्यलं का तोंड माहं?