आजची रात्र दिवा नको

(इंदिरानगरमधल्या एका सोसायटीचा तळमजला. भर दुपार. सुधाकाकूंचं दार अर्धंच उघडं.)

सुधा : ...आणि तू परत दारात! सोसायटीचा दिवा जाळलास, आता काय राहिलंय? वायरिंग उपटायचंय का?

आभा : काकू, ऐका ना. दिवा मी जाळला नाही. मी फक्त झाकला होता.

सुधा : कशानं?

आभा : शेडनेटनं. मामाच्या पिंपळगावच्या बागेतलं, उन्हासाठी बांधतात ते काळं जाळं. चार घड्या घालून.

सुधा : अगं, ते काय दिव्याला गुंडाळायचं असतं?

आभा : त्यातून हवा जाते ना, म्हणून मला वाटलं दिवा तापणार नाही. पण मी ते मागच्या बाजूनंही गुंडाळलं, तिथे चुकलं. त्या दिव्याची उष्णता मागूनच बाहेर पडते. हे मी नंतर वाचलं.

सुधा : नंतर वाचलं! आणि सेक्रेटरी खाली बसलीय, तिला आधी विचारावं, हे सुचलं नाही.

आभा : विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?

सुधा : नाही.

आभा : मग!

सुधा : जीभ बघा हिची. होळीपर्यंत जिन्यात भेटलीस तर मान वर करत नव्हतीस.

आभा : तेव्हा माझ्याकडे दुर्बीण नव्हती.

सुधा : कसली डोंबलाची दुर्बीण! मंगळवारपासून गेट अंधारात आहे माझं. आज संध्याकाळी कुंदन येतोय नवा दिवा बसवायला. विषय संपला. घरी जा.

आभा : तेच सांगायला आलेय. कुंदनदादाला उद्या बोलवा.

सुधा : काय म्हणालीस?

आभा : फक्त आजची रात्र, काकू. दिवा तसाही गेलेलाच आहे ना, एक रात्र आणखी. म्हणजे बघा, गावातला बाकीचा उजेड मला चालतो, पण हा गेटचा दिवा गच्चीच्या कठड्यावरच्या खांबाला आहे, तो थेट दुर्बिणीत घुसतो. आणि एक तारा आहे, त्याच्यासमोरून त्याचा ग्रह जातो, तेव्हा ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो. इतकासा! तो फोटो काढून काढून मोजायचा. मंगळवारी मी सगळं लावून बसले आणि मध्येच ढग. आज तो पुन्हा जाणारेय. नंतर आपलं आभाळ भरेल ते दिवाळीपर्यंत, आणि शाळा उघडली की दुर्बीण परत द्यायची. आमच्या शाळेनं आजवर ती कुणालाच घरी नेऊ दिली नव्हती. मला दिली! सुट्टीभर!

सुधा : मोजून काय होणार?

आभा : तिथे ग्रह आहे हे कळणार.

सुधा : अजून कोणाला माहीत नाही?

आभा : आहे की. बऱ्याच वर्षांपासून.

सुधा : मग?

आभा : मला कुठे माहीतेय! मी फक्त वाचलंय.

सुधा : राहतं का तिथे कोणी?

आभा : छे. वायूचा गोळा आहे तो, नुसता भाजून निघतोय. कोणी राहूच शकत नाही.

सुधा : म्हणजे रिकाम्या घरात डोकवायला माझा दिवा घालवलास!

आभा : पण अशी रिकामी घरं बघत बघतच एक दिवस राहतं घर सापडेल ना! विचार करा काकू, कुठेतरी कोणीतरी आहे. शेवाळ असेल, किडा असेल, काहीही असेल. आणि आपण इकडे दार लावून बसलोय.

सुधा : सापडला समजा तुझा किडा. पुढे काय? चहाला बोलवणार? मालनबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, माहीत आहे तुला?

आभा : ...कधी?

सुधा : पाडव्याच्या आठवड्यात. तुमच्या डोक्यावर राहतात त्या. वॉकर घेऊन चालतात तर खट खट आवाज येत असेल तुमच्या छतातून. परग्रहावरच्यांची चौकशी करतेस, वरच्या मजल्यावर कधी गेलीस?

आभा : माणसाला दोन्ही करता येतं, काकू.

सुधा : येतं ना. पण तू केलंस एकच.

आभा : असं म्हणत बसलं असतं तर कोणी कधी यान सोडलंच नसतं. आधी सगळ्यांचे गुडघे बरे करा, मग आकाशाकडे बघा. गुडघे काय संपतात का?

सुधा : हे तू मालनबाईंना सांगून ये. मी ऐकते खालून.

आभा : तुम्ही ना, मुद्दाम वाकडं घेताय. तुम्हाला कधीच वाटलं नाही का, एवढ्या मोठ्या सगळ्यात आपण एकटेच कसे असू?

सुधा : एकटं असण्याबद्दल मला विचारतेस? काका गेल्यापासून रात्री दोनदा उठून कडी बघते मी. दोन वर्षांपूर्वी भाजी घेऊन येत होते, त्या कोपऱ्यावर गळ्यातली साखळी ओढली एकानं. पोलीस विचारतात, दिसायला कसा होता? मी काय सांगू? गल्लीत एक दिवा नव्हता. तीन मीटिंगा भांडले तेव्हा तो दिवा लागला. तुला बघायचंय कोणी आहे का. मला बघायचंय कोणी नाही ना. कळला फरक?

आभा : कळला. पण एकच रात्र...

सुधा : पुन्हा तेच!

यशश्री : आई, डबा दे. बस चुकेल. ही काय, परत आली?

सुधा : बाईसाहेबांना आजही अंधार पाहिजे. कुंदनला उद्या बोलवा म्हणतात.

यशश्री : अजून पोट भरलं नाही हिचं?

आभा : यशूताई, तू तरी समजाव ना काकूंना. तुमच्या कंपनीत तर रॉकेटचे पार्ट बनतात!

यशश्री : वॉशर बनतात. एक ऑर्डर तिकडे गेली होती.

आभा : म्हणजे तुझ्या हातचा वॉशर अंतराळात फिरतोय! तुला कळतंय का हे किती भारी आहे?

यशश्री : फिरत असेल. ते उडालं त्या दिवशी कंपनीनं पेढा वाटला. एकेक. आणि पुढच्या ऑर्डरसाठी आमचे रविवार घेतले.

आभा : पण अभिमान नाही वाटला?

यशश्री : वाटला ना. पेढा संपेपर्यंत.

आभा : तू अशी का बोलतेस? तूही मग काकूंसारखीच...

यशश्री : मी माझ्यासारखी बोलतेय. आकाशात जायचं त्यांनी, टाळ्या वाजवायच्या तू, आणि मधला अंधार माझ्या वाट्याला. का म्हणून? सेकंड शिफ्ट सुटून, बस सोडते त्या हायवेच्या बोगद्यापासून चालत कोण येतं? तू?

आभा : एका रात्रीनं काय होतंय गं? मंगळवारपासून अंधारच आहे. झालं का काही?

यशश्री : झालं.

सुधा : काय झालं?

यशश्री : काही नाही. डबा दे तू.

सुधा : यशे. काय झालं?

यशश्री : मंगळवारी एक बाइक होती मागे. बोगद्यापासून. हळूहळू. मी आपल्या गल्लीत वळले तर तीही वळली. एरवी गेटवर लख्ख उजेड दिसला की असले लोक मागच्या मागे जातात. त्या दिवशी काळोख. पळाले मी. चप्पल तिथेच राहिली.

सुधा : चप्पल तुटली म्हणालीस तू मला.

यशश्री : मग काय म्हणणार होते?

सुधा : आज जायचं नाही कामावर. फोन कर सुपरवायझरला. सेकंड शिफ्ट बंद म्हणावं.

यशश्री : बघ! म्हणूनच नव्हतं सांगितलं. पर्मनंट व्हायचं चाललंय माझं, आई. आता शिफ्ट नाही म्हटलं की नाव कट. झालं आभा, समाधान? मी पोटात ठेवलं होतं, ते तू काढायला लावलंस.

आभा : मंगळवारी... किती वाजता?

यशश्री : रोजच्याच वेळेला. साडेअकरा.

आभा : मी वर होते. ढग जातील म्हणून थांबले होते. गच्चीवरच होते मी.

यशश्री : माहीत आहे. तुझी ती लाल टॉर्च दिसत होती. वाटलं, हाक मारावी तुला.

आभा : मला नाही गं ऐकू आलं. शप्पथ.

यशश्री : मारलीच नाही. आवाजच फुटला नाही.

सुधा : बाई गं...

यशश्री : आई, तू रडू नको आता. मला जायचंय.

सुधा : नाही जायचं.

आभा : काकू, जाऊ द्या तिला. तुम्ही... तुम्ही कुंदनदादाला फोन करा. संध्याकाळी कशाला, आत्ताच येतो का विचारा.

सुधा : आता आलं होय शहाणपण?

आभा : वर चढायला शिडी मी धरते. पण काकू, एक सांगते. दिवा लावा म्हणाले मी. ग्रह शोधणं फालतू आहे असं म्हणालेले नाही. ते अजूनही तेवढंच मोठं आहे.

सुधा : तुला कोणी विचारलं?

आभा : कोणी नाही. सांगून ठेवलं.

सुधा : बघ, बघ! चुकली तरी ताठ ती ताठच.

यशश्री : राहू दे, आई. तिचा गेलाय आज.

सुधा : काय गेलाय?

यशश्री : ग्रह.

सुधा : जाऊ दे ना, मग! माझी पोरगी गेली असती तर? त्या ग्रहाला कोण उचलून नेतंय? पुढच्या वर्षी बघेल.

आभा : पुढच्या वर्षी माझ्याकडे दुर्बीण नसेल.

सुधा : मग माझ्याकडे बघून काय उपयोग? शाळेला सांग.

यशश्री : आई, दिवा लागल्यावर तर जाऊ देशील ना? रोज?

सुधा : लागू दे आधी. तो पेटलेला बघते, मग बोलते. आजच्यापुरतं जा. उतरलीस की फोन कर, आणि घरात येईपर्यंत चालू ठेव. हा घे डबा. भाकरी आहे, गार व्हायच्या आत खा.

यशश्री : हं.

आभा : यशूताई.

यशश्री : आता काय?

आभा : रात्री बाबांना घेऊन कोपऱ्यावर येऊ का मी? तू यायच्या वेळेला?

यशश्री : कशाला? दिवा असेल की.

आभा : असेल. तरी.

यशश्री : तारा दिसणार नाही म्हणून रिकामी झालीस. दिसला असता तर आली असतीस?

आभा : ...नसते आले.

यशश्री : चला, खरं तरी बोललीस.

आभा : येऊ?

यशश्री : ये. पण वाटेत काही समजावून सांगायचं नाही.