थिअरी ते बघणार

शीवला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन मुली होत्या. दोघी पीएचडीवाल्या.

"कीर्ती, कालचा सेमिनार कसा झाला?"

"विषय काय, तर देशादेशांचे संबंध शिकताना गोऱ्यांचा चष्मा उतरवायचा. आणि अध्यक्ष कोण, तर लंडनहून आलेले सर."

"तू काय मांडलंस?"

"बाबांचं. मासेमारीला गेले की समुद्रात हद्दीवर ते पलीकडच्या देशाच्या बोटीला बर्फ देतात, वाऱ्याची खबर घेतात. म्हटलं, हेसुद्धा परराष्ट्र संबंधच आहेत. यातून आपली थिअरी उभी राहते."

"मग?"

"सर म्हणाले, किती गोड गोष्टी आहेत. अशाच आणखी पाठव, थिअरी मी बघतो."

"असं तोंडावर?"

"हसत हसत. आमच्या मॅडम टाळ्या वाजवत होत्या. डोकं फिरलंय माझं, लविना."

"आणि तू ऐकून घेतलंस? कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून सोडत नाहीस तू."

"घेतलं ना."

"काहीच बोलली नाहीस?"

"बोलले. थँक यू सर, म्हटलं. वर त्यांना आज आमच्या घरी कोळीवाड्यात जेवायला बोलावलंय."

"वेडी आहेस का?"

"त्यांना काट्यांची भीती वाटते. आई सकाळपासून माशातले काटे काढत बसलीय."