साहेबांच्या देखरेखीखाली

सन्माननीय अध्यक्ष महाराज, आजचं सभागृह, हार आणि चहा ज्यांच्या कृपेने लाभला ते ऑनलाइन लॉटरी कंपनीचे संचालक, सत्कारमूर्ती आपले नुकतेच निवृत्त झालेले सरकारी सोडत अधिकारी साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, कन्या, जावईबापू, आणि दिवसभर काउंटरवर उभे राहून आता खुर्ची मिळाल्याने सुखावलेले माझे तिकीटविक्रेते बंधुभगिनी,

संघटनेचा सचिव म्हणून मला बोलायला उभं केलंय. गळ्यात फळी अडकवून तिकिटं विकत मी मोठा झालो. आवाज मोठा आणि कान तिखट, एवढंच भांडवल.

आपला धंदा तरी काय? अनोळखी माणसाच्या हातात कागदाचा तुकडा द्यायचा आणि तो त्याने जपून खिशात ठेवायचा. का ठेवतो तो? कारण सोडत चारचौघांत होते. यंत्र फिरवण्याआधी साहेब सभागृहाला विचारत, "कोणाला शंका?" एकदा एक न्हावी उठला. म्हणाला, यंत्रातला सात नंबरचा चेंडू जास्त चमकतोय. लोक हसले. साहेबांनी सोडत थांबवली, एकेक चेंडू त्याच्यासमोर काट्यावर तोलला. सगळे बरोबर निघाले. न्हावी म्हणाला, "आता नाही लागलं तरी चालेल." आणि नाहीच लागलं. उशीर का झाला म्हणून वरून साहेबांना जाब विचारला गेला, तो निराळाच.

मग लॉटरी फोनमध्ये शिरली, आणि बेकायदा ऑनलाइन लॉटऱ्या बंद करण्याचं काम साहेबांच्या गळ्यात पडलं. नोटीस घेऊन ते पत्त्यावर गेले, तर तिथे दातांचा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर दाढ दाखवून जा. मालक एका देशात, यंत्रणा दुसऱ्यात, पैसा तिसऱ्यातून फिरणार. साहेबांचा शिक्का आपल्या हद्दीपुरता. सकाळी एक नाव बंद केलं, की दुपारी त्याला एक अक्षर जोडून दुकान पुन्हा सुरू. आणि तक्रारी कोणाच्या? खेळणाऱ्यांच्याच. आज आमचं लागणार होतं, तुम्ही मध्येच कडी घातलीत. एक बाई तर कार्यालयात येऊन म्हणाली, "साहेब, दारं कसली बंद करताय? माझा हात बंद करा." त्या दिवशी साहेब जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात.

संचालकसाहेब, आपली कंपनी परवान्याची आहे, हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो. आपल्या पत्त्यावर दातांचा डॉक्टर नाही. आमची निम्मी दुकानं आपल्या खेळाचं रिचार्ज विकून चालतात, जावईबापू आपल्याकडेच नोकरीला आहेत, आणि निवृत्तीनंतर आजपासून साहेबही आपल्याकडेच. थोडक्यात, आपण सगळे एका घरातले. घराला बाहेर जायचं दार कुठे आहे, असं पाहुण्याने विचारू नये.

मघाशी मागच्या खोलीत चहा घेताना साहेबांनी संचालकांना विचारलेलं माझ्या कानावर पडलं.

"सोडतीच्या वेळी मी उभं कुठे राहायचं?"

संचालक अगदी प्रेमाने म्हणाले, "उभं कशाला राहायचं, साहेब? तिथे बघायला काही नसतंच. सगळं आतल्या आत होतं. आम्हाला तुमचा फोटो पुरे."

साहेबांनी कप खाली ठेवून जावयाकडे पाहिलं. जावईबापू स्वतःच्या बुटांकडे बघत होते. कन्या म्हणाली, बाबा, बिस्कीट घ्या ना.

तर मंडळी, मला एक वाक्य पाठ करायला दिलंय. विक्रेत्यांच्या तोंडून आलं की लोकांना पटतं, असं कंपनीचं म्हणणं. साहेब, सत्कारमूर्तींनी शेवटी बोलायचं असतं. आज तुम्ही बोलूही नका. हे वाक्य नको असेल, तर नुसते उठून उभे राहा. मी गुपचूप खाली बसेन. दुकानांचं काय व्हायचं ते होईल, आमचं आम्ही बघू.

घाई नाही. अध्यक्ष महाराज, आपण जरा घड्याळाकडे बघू नका.

वहिनी बघताहेत. कन्येने जावईबापूंचा हात धरलाय. साहेबांनी खुर्चीचे हात.

बरं. बसूनच राहा साहेब, बसा. समजलो. मी तरी काय, माईक धरलाय म्हणून उभा आहे.

ऐका मंडळी. "आजपासून कंपनीची प्रत्येक सोडत साहेबांच्या देखरेखीखाली होईल."

वाजवा टाळ्या. संचालकांचे पाहुणचाराबद्दल आभार, वहिनींचे इतकी वर्षं साहेब आम्हाला उसने दिल्याबद्दल. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घाला. पाठ केलेलं ते एक वाक्य तेवढं घालू नका.