देवाच्या मडक्यातले खडे

मंडळी, ऐका! मागची माणसं पुढं सरका जरा — पुढच्या चटईला वेगळं भाडं नाही! आणि दाराशी उभे राहिलेत ते पाहुणे, आत या. कीर्तन आवडलं नाही तर उठून जायला मी अडवणार नाही... पण मध्येच उठलात तर नाव घेऊन हाक मारीन, सांगून ठेवतो!

तर आज एक प्रश्न विचारायचाय. योनाराव, पेटी थांबवा. प्रश्न पेटीवर वाजत नाही.

घरात धान्य आहे, अंगावर इस्त्रीचा सदरा आहे, लेकरंबाळं धडधाकट आहेत — अशा वेळी देवापुढं यायला काय लागतं हो? काही नाही! ऐटीत येतो आपण. पण ज्या दिवशी डबा रिकामा, चूल थंड, आणि मनात देवावरच राग — त्या दिवशी माणसानं यावं का? आणि यावं तर कोणत्या तोंडानं यावं?

थांबा, लगेच माना हलवू नका. आधी रिबकाची गोष्ट ऐका, मग हलवा.

प्रवरेच्या काठाला देवखडी नावाचं एक गाव. गावाच्या अंगाला आपली ख्रिस्ती वस्ती, मध्ये कौलारू चर्च. त्या वस्तीत रिबका राहायची. नवरा शिमोन, विहिरी खणणारा. पाच वर्षांची लेक, सुवार्ता. आणि घरात चुलीजवळच्या कोनाड्यात एक काळं मडकं — रिबकाच्या आईनं लग्नात दिलेलं. हे मडकं देवाचं!

आता तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती माणसाच्या घरात मडक्यातला देव कुठला? अहो, मडक्यात देव नव्हता, मडकं देवाचं होतं! त्या वस्तीची रीत होती. बाई सकाळी जात्यावर बसली, की दळायच्या आधी एक मूठ धान्य काढायची आणि त्या मडक्यात टाकायची. आधी देवाची मूठ, मग घराचं पीठ. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्या बाया मडकी कडेवर घेऊन ओळीनं चर्चमध्ये यायच्या. वेदीच्या बाजूला मोठी कणगी असायची. गाणं चालू असताना एकेकीनं पुढं जायचं, मडकं कणगीत उपडं करायचं. मग नाओमीमावशी — वस्तीतली सगळ्यांत म्हातारी विधवा, कणगी तिच्या ताब्यात — ते धान्य पोत्यात भरायची, आणि जे घर अडलंय त्याच्या दारात पहाटे गुपचूप ठेवून यायची. कुणाला दिलं हे विचारायचं नाही, कुणाचं आलं हे सांगायचं नाही. आहे की नाही सुंदर रीत?

सुंदर आहे. पण माणूस मोठा बिलंदर हो! सुंदर रीतीतसुद्धा तो आपली ऐट शोधतो. रिबकाच्या मनात पक्कं बसलं होतं — आमचं देणारं घर. माझ्या आईनं कधी घेतलं नाही, मी घेणार नाही. मडकं काठोकाठ भरून, मान ताठ करून चालायची. आणि खोटं कशाला बोला, आपल्यातल्याही किती जणी दानाच्या ताटात नोट टाकताना ती आधी उलगडून दाखवतात! हसू नका काकू, तुमच्याकडे बघून नाही म्हणालो.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

म्हाताऱ्या माणसांना विचारा. नदी आटली. पात्रात झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं पाणी भरायचं. शेतं ओस पडली, सगळी वस्ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. रेशनवर लाल मिलो — परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी — मिळायचा, तोही आला तर आला. त्यातच एका विहिरीच्या कामावर दरड ढासळली आणि शिमोनच्या दोन्ही पायांवर आली. जीव वाचला, पण माणूस बाजेवर पडला. उंच, धिप्पाड गडी — आता पाण्याचा तांब्यासुद्धा बायकोनं हातात द्यायचा!

रिबका दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी झिऱ्यावर जायची, रात्री नवऱ्याचे पाय शेकायची. आणि तरी रोज सकाळी देवाची मूठ काढायची. मूठ बारीक झाली, पण चुकली नाही.

एकदा असं झालं, की रेशन आलंच नाही. आज येईल, उद्या येईल... डब्यात दाणा नाही. सुवार्ता आधी रडली, मग रडायची थांबली. आयांनो, तुम्हाला माहीत आहे — रडणारं लेकरू बरं, पण भुकेनं गप्प झालेलं लेकरू बघवत नाही! पोर कोनाड्याकडं बोट दाखवून म्हणाली,

"आई, त्यात हाय ना?"

"ते देवाचं हाय, बाळा."

"देवाला भूक लागली का?"

काय उत्तर देणार, मंडळी? तुम्ही काय दिलं असतं? रिबका उठली. मडकं खाली घेतलं, जात्यात ओतलं आणि दळलं. भाकरी थापली. पोरीला भरवलं, नवऱ्याला दिली. स्वतः मात्र एक घास खाल्ला नाही. देवाचं खाल्लं तर नरड्याखाली उतरणार नाही, असं वाटलं तिला.

आणि दोन दिवसांवर महिन्याचा शेवटचा रविवार!

आता काय करावं? रिकामं मडकं घेऊन ओळीत चालायचं? सगळ्या बाया बघणार! न जावं, तर सगळ्या विचारायला येणार! रिबका झिऱ्यावर गेली, वाळूत बसली आणि पहिल्यांदा देवाशी भांडली. "मी काय केलं रे तुझं? मूठ चुकवली का कधी? माझा धनी मोडलास, पोर उपाशी ठेवलीस! मी तुला दाणे दिले, आणि तू मला काय दिलंस? दगड!" रडली, रडली. आणि मग त्या कोरड्या नदीतले पांढरे, गुळगुळीत खडे तिनं पदरात वेचले.

होय मंडळी! मडक्यात तळापासून खडे भरले. शेजारून उसना आणलेला ओंजळभर मिलो वर पसरला. बघणाऱ्याला वाटावं, मडकं भरलंय! आणि मनाशी ठरवलं — हा आपला शेवटचा रविवार. एकदा लाज झाकली की संपलं. पुन्हा या चर्चची पायरी चढायची नाही.

कीर्तनात पद हवंच. योनाराव, आता वाजवा.

रिकामे मडके । आणिले मी दारी ।
दाणे वरी वरी । पसरोनी ॥

रविवार उजाडला. ओळ लागली. रिबकाची मान आजही ताठ. कणगीपाशी आली. गाणं मोठ्यानं चाललंय. मडकं उपडं केलं — खळ्ळ! तिला वाटलं, सगळ्या चर्चनं ऐकलं. कुणी वळूनही बघितलं नाही. मागची बाई पुढं सरकली. झालं. रिबका घरी आली, मडकं पालथं घातलं आणि प्रार्थना न करताच आडवी झाली. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं झुंजूमुंजू होताना दार उघडलं... आणि दारात पोतं!

रिबकानं पोत्याला हात लावून बघितला. देणारं घर! आज घेणारं झालं. आधी वाटलं, पोतं उचलून परत ठेवून यावं. पण आत सुवार्ता झोपेत चुळबुळत होती. रिबकानं इकडंतिकडं बघितलं आणि पोतं आत ओढलं. सूप घेतलं, धान्य निवडायला बसली. आणि पहिल्याच सुपात हाताला काय लागलं? पांढरा, गुळगुळीत खडा. तिचाच!

आता बघा देवाचं विनोदी अंग! तो चिडत नाही, वीज पाडत नाही. तुझा खडा तुझ्याच सुपात आणून ठेवतो. म्हणतो, घे बाई, निवड! रिबकाला हसूही आलं आणि रडूही. मुकाट्यानं एकेक खडा वेचून बाजूला टाकू लागली. टाकता टाकता तिचा हात थांबला.

हा खडा काळा होता. धारदार. खडीचा.

असला खडा तिनं टाकलाच नव्हता! पुढच्या सुपात आणखी काळे. मग फुटक्या कौलाचे तुकडे. मग विटेचे. सुपामागून सूप! तिच्या पांढऱ्या खड्यांपेक्षा बाकीचेच जास्त. रिबका सूप मांडीवर धरून बसूनच राहिली.

बाजेवरून शिमोननं हाक मारली. "रिबका, सूप का थांबलं?"

"आवो... शनिवारी मी एक पाप केलं."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"मडक्यात खडे भरलेस ते. दिसभर पडून असतो मी, कानच तेवढे चालतात. दाण्याचा आवाज निराळा, खड्याचा निराळा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्यावर ही पाळी माझ्या पायांनी आणली. मी इथंच पडल्या पडल्या म्हणालो — प्रभू, माझ्या बायकोकडं दुसरं काही उरलं नाही. खडे तर खडे, पण पदरात घे. तिला सोडू नको."

मंडळी, बाजेवर पडलेला माणूस काय करू शकतो, असं विचारतात लोक. बघा, काय करू शकतो! रिबकानं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आवो, खडे माझ्या एकटीचे नाहीत. साऱ्या वस्तीचीच चूल थंड हाय, आणि सगळ्या जणी मान ताठ करून चालतोय!"

"मग?" शिमोन म्हणाला.

"मग काय! रविवारी जाते चर्चला."

आता ज्या बाईनं पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं, ती काय म्हणतेय ऐका — जाते! आणि मडकं कशानं भरून गेली? सुपातून निवडलेल्या त्या सगळ्या खड्यांनी. या खेपेला वर दाण्यांचा थर नाही!

आपल्याकडं उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. एरवी कोण उठतं? मुलगा पास झाला, म्हैस व्याली — धन्यवाद प्रभू, आमेन! त्या दिवशी रिबका उठली. वेदीपुढं गेली आणि मडकं फरशीवर उपडं केलं. चर्च दणाणलं!

"हे पांढरे खडे माझे हायेत," ती म्हणाली. आवाज साऱ्या चर्चला ऐकू गेला. "देवाची मूठ मी माझ्या लेकराला खाऊ घातली, आणि लाजेपायी हे भरून आणले. मला वाटायचं, देवाला भरलेलं मडकंच चालतं. काळे खडे कुणाचे, कौलं कुणाची, मी विचारत नाही. मला एवढंच म्हणायचंय, की मी दमलेय. माझ्या घरात काही नाही."

पाळकसाहेब पुस्तक हातात धरून उभेच. बाया पदर तोंडाशी धरून खाली बघतायत. आणि मग पहिल्या रांगेतून काठी टेकत कोण उठलं?

नाओमीमावशी!

"कौलाचे तुकडे माझे गं बाई," म्हातारी म्हणाली. "माझ्या पडवीचे."

"मावशी, तुम्ही? अवो, कणगी तुमच्या ताब्यात!"

"कणगी ताब्यात हाय म्हणून पोट भरतं काय? पोतं भरताना मी सगळे खडे बघितले. नदीवरचे कुणाचे ते लगेच कळलं, झिऱ्यावर वेचताना तुला बघितलं होतं. निवडून फेकता आले असते. मुद्दाम नाही फेकले. म्हटलं, पोरीला कळू दे, की ती एकटी नाही."

"आणि पोतं माझ्या दारात ठेवलंत? तुमची चूल थंड असताना?"

"तुझ्याकडं लेकरू हाय," मावशी म्हणाली. बस, एवढंच म्हणाली.

मग काय! एक उठली, "काळे माझे." दुसरी उठली, "माझे बी." रडतायत, हसतायत, एकमेकींच्या गळ्यात पडतायत! पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. अहो, प्रवचन तर फरशीवरच सांडलं होतं, आणखी काय सांगणार!

त्या दुपारी चर्चच्या अंगणात एक मोठी चूल घातली. ते खडे मातीत कालवून चुलीच्या ओट्यात घातले. पुरुषांनी सरपण आणलं. रिबकानं पोत्यातलं उरलेलं सगळं धान्य ओतलं. कुणी मूठभर मिलो, कुणी एक कांदा, कुणी नुसतं मीठ. ज्याच्याकडं काहीच नाही, त्यानं झिऱ्याचं पाणी. शिमोनची बाज चौघांनी उचलून अंगणात आणली आणि भाकरी मोजून वाढायचं काम त्याला दिलं. दुष्काळ सरेपर्यंत त्या वस्तीत एकच चूल पेटली. अर्धपोटी राहिली माणसं, पण एकही घर एकटं उपाशी झोपलं नाही.

आता तुम्ही वाट बघताय चमत्काराची. शिमोन उड्या मारू लागला का? नाही हो. पुढं तो कुबड्यांवर चालायला लागला, तेवढंच. मडकं रातोरात भरलं का? तेही नाही. पण ज्या प्रभूला रिबका झिऱ्यावर बसून विचारत होती, की तू आहेस कुठं, तो तिला सापडला. मावशीच्या कौलाच्या तुकड्यात सापडला. बाजेवरच्या नवऱ्याच्या प्रार्थनेत सापडला. मला तरी यापेक्षा मोठा चमत्कार ठाऊक नाही.

योनाराव, हळू वाजवा.

देवा तुझ्यापुढे । काय झाकू आता ।
तूच माझा त्राता । तळ पाहे ॥

तर माझा प्रश्न राहिला की नाही? कोणत्या तोंडानं यावं? मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही आज चांगले कपडे घालून आलात. "कसं काय?" विचारलं, की म्हणता "प्रभूच्या कृपेनं छान!" आणि मला दिसतंय — वरवर दाण्यांचा थर आहे, खाली खडे आहेत. कुणाचा पोरगा बोलत नाही घरात. कुणाच्या घरी आजारपण आहे, ते सांगायची चोरी. कुणी महिनोन् महिने प्रार्थना केलेली नाही, देवावर रुसून बसलंय. आणि प्रत्येकाला वाटतंय, खडे माझ्या एकट्याच्याच मडक्यात!

अहो, शेजारी बघा. शेजारच्या चटईवर बघा. बघा ना, लाजता काय!

आता आरतीचे दिवे काढू नका, उठू नका. आरतीआधी थोडा वेळ मी गप्प बसणार आहे — माझ्यासारख्याला अवघड आहे, पण बसतो. तेवढ्यात शेजारच्या माणसाचा हात धरा आणि त्याला एकच गोष्ट सांगा. छान आहे म्हणू नका. तळाशी काय आहे, ते सांगा.

काकू, तुम्ही सुरुवात करता? ...या. इथं माझ्याजवळ बसा.