सरकारचं मशीन

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. गाल सुजलेला नवरा समोरच्या आजोबांना सांगत होता,

"आमच्याकडे हे सरकार! यांच्या हुकमाशिवाय घरात पान हलत नाही."

"मग सरकारचं शिलाई मशीन कुणी विकलं?"

"अगं, धूळ खात पडलं होतं..."

"मी चार दिवस माहेरी गेले, तेवढ्यात धूळ बसली होय? शेजारणीचं पोलकं अजून सुईखाली होतं."

"खोलीत अडचण होत होती गं."

"मला विचारलंत?"

"लोक बायकोला काय काय म्हणतात. मी मानानं सरकार म्हणतो!"

"पायाखाली ते चाक फिरलं, की ओठांवर आपसूक गाणं यायचं माझ्या. आता पाय नुसते लोंबतात, आणि मान कसला देताय?"

"पोरी, जाऊ दे. कौतुकानं बोलतोय तो."

"ते कौतुक तुम्ही घेऊन जा, आजोबा. मला माझं मशीन हवंय."

"चला, पुढचे कोण?" आतून नर्सनं हाक मारली. नवरा गाल धरून उठला.

"बसा खाली. आधी मशीन घेणाऱ्या त्या दुकानदाराला फोन लावा."

"अगं, दात ठणकतोय!"

"ठणकू दे. नर्सबाई, दुसऱ्या कुणाला तरी घ्या. यांचं अजून व्हायचंय."